अडकणारे बोट
(न्यासाच्या महोत्सवी वर्षात हुबळी येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानांत हृदयविकार, रक्तदाब, मोतीबिंदू असे भारदस्त विषय असताना मी बोटासारखा लहानसा विषय निवडला, तेव्हा आपल्या चिटणीसांनी मला हसत विचारले, “एका बोटावर किती वेळ बोलणार?” फार वेळ नाही, परंतु विषय मी विचार करूनच निवडला आहे. आपल्या समाजातील पुष्कळ घरांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या कात्री, सुई आणि शिलाईयंत्र यांवर चालत आला. आजची मुले बँकेत, शाळेत, संगणकावर कामे करीत असली तरी घरात एखादे शिलाईयंत्र असतेच, आणि न्यासाच्या शिवणवर्गातून शिकून गेलेल्या भगिनींना तर त्यावरच दोन पैसे मिळतात. अशा घरात हाताचे एक बोट अडून बसले की तो आजार लहान राहत नाही. शिवाय ओळखण्यास सोपा आणि वेळीच दाखविल्यास बरा होणारा असूनही लोक तो वर्ष वर्ष अंगावर काढतात. मला आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः या गोष्टीबद्दल.

लक्षणे आपल्यापैकी काहींना ऐकताच ओळखीची वाटतील. सकाळी जाग येते तेव्हा एक बोट, बहुधा अनामिका किंवा अंगठा, कधी मधले बोट, तळहाताकडे वाकलेले असते. उघडू म्हटले तर उघडत नाही. जोर लावला की ‘टक्’ असे होऊन एकदम सरळ होते, जणू आत काही तरी उडी मारून पलीकडे गेले. त्या क्षणी कळ येते. गरम पाण्यात हात घातला, थोडी हालचाल झाली, की बोट मोकळे होते आणि दिवसभराच्या कामात माणूस ते विसरतो. काही महिन्यांनी ते दिवसाही अडू लागते. दुसऱ्या हाताने धरून सरळ करावे लागते. पुढे एक दिवस ते सरळ होतच नाही, किंवा काहींच्या बाबतीत पुरते मिटतच नाही.

इंग्रजीत याला ट्रिगर फिंगर म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. तो ओढून सोडावा तसे बोट झटक्याने सुटते म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे लोक मराठीत ‘बोट धरलंय’ म्हणतात आणि कानडीत ‘बेरळ हिडकोंडैति’. मला विचाराल तर बंदुकीपेक्षा आपली नावे बरी, कारण आत कोणी दोरी धरून ठेवावी तसेच झालेले असते. १८५० साली आल्फोंस नोता या फ्रेंच शल्यचिकित्सकाने या विकाराचे वर्णन लिहिले, आणि आत जी गाठ तयार होते तिला वैद्यकात अजून त्याचे नाव आहे.

ही दोरी कोणती, हे कळण्यासाठी आता प्रत्येकाने आपला डावा तळहात समोर धरावा. हस्तरेषा पाहणारे जिला हृदयरेषा म्हणतात, ती करंगळीच्या बाजूने निघून बोटांच्या मुळाखालून जाते. त्या रेषेवर, अनामिकेच्या सरळ खाली, उजव्या हाताचा अंगठा ठेवा आणि थोडे दाबा. आता ती अनामिका सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. अंगठ्याखालून काही तरी सरकते ना? ती कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी. आपल्या बोटांत स्नायू मुळीच नाहीत. बोटे मिटविणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली असतात. तेथून या दोऱ्या मनगटातून तळहातात येतात आणि बोटांच्या टोकाकडे जातात. चार बोटांना अशा दोन दोन दोऱ्या आहेत, अंगठ्याला एक. मूठ मिटताना दोरी हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणून उभी राहू नये म्हणून निसर्गाने बोटात तिच्यासाठी एक नळी केली आहे आणि त्या नळीवर जागोजागी चिवट कडी बसविली आहेत. त्यांतील पहिले कडे तुमच्या अंगठ्याखाली, तळहातात आहे.

येथे बसलेल्या शिंपी मंडळींना पुढचे सांगण्याची गरजच नाही. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी सरकते तशी ही दोरी नळीतून सरकते. आता समजा, नेफ्याचे तोंड आकसले, आणि नाडीलाही नेमकी त्याच जागी गाठ पडली. एका बाजूला ओढले तर ती जोराने निघून जाते. परत आणू म्हटले तर तोंडाशी अडते. बोटात हेच होते. पहिले कडे जाड होते, त्याखालची दोरी घासून सुजते आणि तिच्यावर फुगवटा येतो. बोटे मिटणारे स्नायू जोरकस असल्यामुळे फुगवटा कड्यातून तळहाताकडे ओढला जातो. उघडणारे स्नायू त्या मानाने दुबळे, त्यांना तो परत नेता येत नाही. म्हणून बोट मिटते आणि उघडत नाही. रात्री झोपेत बोटे आपोआप थोडी मिटलेली राहतात आणि हालचाल नसते, म्हणून सकाळी त्रास सर्वांत अधिक.

यात फसगत अशी की दोष तळहातात असतो आणि रोग्याला दुखते ते बोटाच्या मधल्या सांध्यात. तेथेच ‘टक्’ होते, तेथेच कळ येते. त्यामुळे तो सांध्याला मलम लावतो, तेल चोळतो, सांध्याचाच एक्स-रे काढून आणतो, आणि त्यात बहुधा काहीच दिसत नाही. मग कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते शिरेवर शीर चढली आहे, आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की वय झाले, चालायचेच. शेवटी कोणी तरी बोट ओढून ‘बसवून’ देतो. बंधुभगिनींनो, येथे हाड निसटलेले नाही आणि शीरही चढलेली नाही, तेव्हा बसवावयाचे काहीच नाही. सुजलेली दोरी आकसलेल्या कड्यातून प्रत्येक वेळी जबरीने ओढली की ती आणखी घासते, आणखी सुजते. ‘टक्’ आवाज काढून पाहण्याची पुष्कळांना सवयच लागते. मुलांना गंमत म्हणून दाखविणारे आजोबाही मी पाहिले आहेत. ती सवय मोडली पाहिजे.

अंगावर काढण्याने काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. सारा जन्म कोट-पाटलोणी बेतण्यात गेलेले एक वृद्ध कारागीर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची अनामिका दीड वर्ष वाकलेली होती. कात्रीच्या मुठीत बोटे नीट बसत नाहीत म्हणून त्यांनी बेतकाम मुलाकडे सोपविले होते आणि चारचौघांत तो हात खिशात ठेवावयाचे. बोटाची शस्त्रक्रिया झाली, दोरी मोकळी झाली, अडकणे थांबले. परंतु मधला सांधा इतके दिवस वाकून राहिल्याने स्वतःच आखडला होता, तो पुरता सरळ झाला नाही. पुढे महिनोन्‌महिने व्यायाम करून त्यांनी पुष्कळसे मिळविले. तीन महिन्यांतच दाखविले असते तर बहुधा एका सुईवर भागले असते.

हे होते कशाने? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एकच एक कारण दाखविता येत नाही. घट्ट पकडीचे काम पुष्कळ करणाऱ्यांत हा त्रास अधिक असावा असे सहज वाटते. जाड कापडाचे थर कापताना कात्रीचा दाब तळहाताच्या याच पट्ट्यावर पडतो. लाइन बाजारच्या पेढेवाल्यांच्या भट्टीवर खवा हलविणारे, गावाकडे म्हशींची धार काढणारे, बेंगेरीच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड कापणारे आणि शिवणारे, या सर्वांचे हात तासन्‌तास मिटलेलेच असतात. तथापि याविषयी जे अभ्यास झाले त्यांचा निकाल एकमुखी नाही. काहींत कामाशी संबंध दिसला, काहींत दिसला नाही. जन्मात कधी कात्री न धरलेल्या माणसालाही हा विकार होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक, आणि चाळिशी ते साठी या वयात अधिक. थायरॉइड मंद असणे, संधिवात, मनगटात नस दबून रात्री हाताला मुंग्या येणे, यांच्या सोबतीने तो पुष्कळदा आढळतो.

एका कारणाबद्दल मात्र शंका नाही, आणि त्यासाठीच मी आज अधिक वेळ मागतो. ते म्हणजे मधुमेह, ज्याला आपण सारे ‘शुगर’ म्हणतो. सामान्य माणसाला आयुष्यात केव्हा तरी बोट अडकण्याचा संभव शंभरांत दोन-तीन धरतात. मधुमेह असलेल्यांत तो शंभरांत दहापर्यंत जातो. रक्तातील जादा साखर कंडरा आणि कडी यांच्या चिवट तंतूंना चिकटून बसते, त्यांचा मऊपणा जातो आणि ती जाड होतात. मधुमेह जितका जुना तितका धोका अधिक, आणि मग एकच बोट न धरता दोन-तीन बोटे, कधी दोन्ही हातांची, धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक असल्याचा अंदाज निघाला. यांतील पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नसते. म्हणून माझा नियम असा की, अडकलेले बोट घेऊन कोणी आले की बोटाबरोबर रक्तही तपासावयाचे. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती दुसरी तपासणी, दोन्ही. बोट दाखविण्यास आलेल्या माणसाला मधुमेहाचा पत्ता लागावा असे अनेकदा घडते. बोट त्याचे बरे होतेच, आणि डोळे व मूत्रपिंडे यांची काळजी वेळेवर सुरू होते, हा लाभ वेगळा.

आता उपचार. त्रास नवा असेल, महिना-दोन महिन्यांचा, तर पहिला उपाय विश्रांती. परंतु शिवणकाम करणाऱ्या बाईला ‘हात वापरू नका’ असे सांगणे म्हणजे चूल पेटवू नका असे सांगणे आहे. म्हणून मी असे सांगतो की कापण्याचे काम एका बैठकीत न करता तुकड्यातुकड्याने करावे, कात्रीला धार ठेवावी, बोथट कात्री हाताचा जीव घेते, मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, आणि कपडे पिळण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी तरी घ्यावे. हे शेवटचे वाक्य मी सभेतील पुरुषांकडे पाहून बोलत आहे. रात्री बोटाचा मुळाचा सांधा सरळ राहील अशी पट्टी बांधून झोपावे. पट्टी घट्ट आवळू नये, आणि तिचा गुण पाहण्यास सहा आठवडे तरी द्यावेत. चार दिवसांत सोडून देऊन ‘पट्टीने काही होत नाही’ म्हणू नये. दुखण्याच्या गोळ्या दुखणे कमी करतात, कडे रुंद करीत नाहीत. पोटाचे, मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

याने भागले नाही तर सुई. स्टिरॉइड जातीचे औषध अगदी थोड्या प्रमाणात, बधिर करणाऱ्या औषधाबरोबर, तळहातात त्या पहिल्या कड्यापाशी देतात. हाताच्या विकारांत या औषधाचा उपयोग १९५० नंतरच्या काही वर्षांत सुरू झाला आणि आजही पहिला मोठा उपाय हाच आहे. निम्म्याहून अधिक लोकांना एका सुईने बरे वाटते. गुण त्याच दिवशी येत नाही, आठवडा-दोन आठवडे लागतात. स्टिरॉइड म्हटले की लोक दचकतात. रोज पोटात घेण्याच्या गोळ्या आणि तळहातातील ही एक सुई यांत फार अंतर आहे. तरी तिचेही नियम आहेत. मधुमेह्यांत तिचा गुण कमी येतो आणि काही दिवस साखर वर चढते, म्हणून आधी साखर ताब्यात हवी आणि नंतरचे चार-सहा दिवस ती रोज पाहिली पाहिजे. सुईच्या जागी कातडी थोडी पांढरी पडू शकते. पुन्हा पुन्हा सुया घेत राहणे बरे नव्हे, कारण क्वचित दोरीच तुटण्याचा धोका असतो. एकीने किंवा दुसरीने उतार पडला नाही तर तेथे थांबावे.

मग शस्त्रक्रिया. तिचे नाव ऐकून घाबरणाऱ्यांना मी सांगतो की आकसलेल्या नेफ्याचे तोंड उसवावयाचे, इतकेच काम आहे. तळहाताच्या रेषेलगत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद, जागा बधिर केलेली, रोगी जागा. पहिले कडे उभे कापतात. मग डॉक्टर रोग्यालाच सांगतात, “मिटा, उघडा,” आणि ज्या बोटाने वर्षभर छळले ते टेबलावरच सरळ झालेले तो स्वतः पाहतो. पंधरा-वीस मिनिटांचे काम. त्याच दिवशी घरी. शंभरांत नव्वदांहून अधिक लोकांचा त्रास कायमचा जातो. त्या दिवसापासूनच बोट हलवीत राहावे, बांधून ठेवू नये. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, कात्रीचे जड काम तीन-चार आठवड्यांनी. तळहातातील व्रण काही आठवडे, कधी काही महिने हुळहुळतो. पू होणे, बोटाच्या नसेला इजा होणे, बोट आखडणे हे धोके थोडे असले तरी आहेत, म्हणून हे काम हाताच्या रचनेची माहिती असलेल्या शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावे. १९५८ साली बेल्जियममधील लॉर्थिआर या शल्यचिकित्सकाने छेद न घेता, कातडीतून बारीक हत्यार घालून कडे सोडविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज ते काम सुईच्या टोकानेही करतात. ती रीत चांगली आहे, मात्र अंगठा आणि तर्जनी यांच्या नसा अगदी जवळून जातात, तेथे मी उघडा छेदच पसंत करतो. आपल्या गावात यासाठी पुण्या-मुंबईस जाण्याचे कारण नाही. विद्यानगरचे १९५७ सालचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला बहुतेक जण किम्सच म्हणतात, तेथे अस्थिरोग विभाग आहे, धारवाडच्या बाजूसही सोय आहे.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. बोट एकाएकी लाल, गरम, सारखे सुजले, जरा सरळ केले तरी असह्य कळ येते, ताप आहे, विशेषतः सुई टोचल्यानंतर किंवा काटा लागल्यानंतर, तर ते अडकलेले बोट नव्हे. नळीत पू झालेला असू शकतो. त्या दिवशीच, रात्र झाली असली तरी, रुग्णालय गाठावे.

आपण चिठ्ठ्यांवर जे प्रश्न पाठविले त्यांतील काही घेतो.

एका भगिनीने विचारले आहे की रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम करावा काय. करू नये. जी गोष्ट मुठीच्या जोराने चिडते तिला आणखी मूठ आवळून उतार पडत नाही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे सावकाश, अडकेल त्याच्या अलीकडेपर्यंतच, मिटावी आणि उघडावी.

कडे कापले तर मुठीची ताकद जाईल काय, असा दुसरा प्रश्न आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. बोटात अशी पाच मुख्य कडी आहेत. त्यांतील दुसरे आणि चौथे भार घेतात, त्यांना हात लावत नाहीत. पहिल्यावाचून हाताचे अडत नाही. फक्त संधिवाताच्या रोग्यांत वेगळा विचार करावा लागतो, कारण तेथे पहिले कडे गेल्याने बोटे करंगळीकडे झुकण्याची भीती असते.

अनामिकेतील अंगठीने हे होते काय? होत नाही; अंगठी बसते बोटावर आणि दोष असतो तळहातात. पण बोट सुजण्याआधी अंगठी काढून ठेवावी, नाही तर सोनाराकडून कापून घेण्याची पाळी येते.

कसुतीचे काम करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे की तिने ते सोडावे काय. मुळीच नाही. धागे मोजून टाके घालणारी धारवाडची कसुती चिमटीचे काम आहे, त्यात मुठीचा जोर नाही. चौकट मांडीवर आवळून धरण्याऐवजी टेकूवर ठेव आणि अर्ध्या तासाने हात पसर.

शेवटची चिठ्ठी एका आजींची आहे. नातू दीड वर्षाचा, त्याच्या अंगठ्याचे वरचे पेर वाकलेले आहे, रडत नाही, दुखत नाही. पडला असेल काय? आजी, पडल्याने हे झालेले नसावे. लहान मुलांत अंगठ्याच्या दोरीवर अशीच गाठ होते. बहुधा एक-दोन वर्षांच्या सुमारास ती आईच्या किंवा आजीच्याच लक्षात येते, आणि अंगठ्याच्या मुळाशी वाटाण्यासारखी लागते. मुलांना यासाठी सुई देत नाहीत. काहींचा अंगठा आपोआप मोकळा होतो, म्हणून डॉक्टर काही काळ वाट पाहतात. नाही झाला तर लहानशी शस्त्रक्रिया करतात, तिचा गुण चांगला येतो. तोवर अंगठा तेल लावून ओढू नका. येत्या आठवड्यात त्याला घेऊन या, त्याचा दुसरा अंगठाही पाहावा लागेल, कारण काही मुलांत दोन्ही वाकलेले असतात आणि एकाकडे पाहताना दुसरा नजरेतून सुटतो.